कोल्हापुरातून जर्मन विद्यापीठाकडे: कागदपत्रे कोणत्या क्रमाने करावीत

जर्मनीत मास्टर्स करण्याचा विचार घेऊन विद्यार्थी आणि त्यांचे पालक भेटायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरा शहराचा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवताना आणि त्यांचे अर्ज तपासताना गेली काही वर्षे मी जे पाहिले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की पहिला प्रश्न तारखेचा असायला हवा. गुण बरे, भाषा बरी, पैशांची सोयही झालेली, आणि तरीही केवळ एक प्रमाणपत्र दुसऱ्याच्या आधी मागवायला हवे होते हे ठाऊक नसल्यामुळे वर्ष वाया गेलेली मुले मला माहीत आहेत. म्हणून या लेखात प्रत्येक गोष्ट कधी करायची आणि ती कशावर अवलंबून असते, यावर अधिक भर दिला आहे.

जर्मनीतील बहुतेक अभ्यासक्रम हिवाळी सत्रात, म्हणजे ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. त्या ऑक्टोबरसाठी तयारीला आदल्या वर्षीच्या जूनमध्ये लागावे. बी. ई. किंवा बी. टेक. करणाऱ्याच्या दृष्टीने हा तिसरे वर्ष संपून चौथे सुरू होण्याचा काळ असतो. अर्जाची सर्वसाधारण अंतिम तारीख हिवाळी सत्रासाठी 15 जुलै आणि उन्हाळी सत्रासाठी 15 जानेवारी अशी सांगितली जाते. परंतु परदेशी विद्यार्थ्यांसाठी अनेक विद्यापीठे ती बरीच अलीकडे आणतात. आखेनच्या आर. डब्ल्यू. टी. एच. विद्यापीठात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना बहुतेक मास्टर्ससाठी 1 मार्चपर्यंतच अर्ज करता येतो. 15 जुलै ही तारीख डोक्यात ठेवून बसलेल्या मुलाला हे एप्रिलमध्ये कळले, तर त्याचा उपयोग उरत नाही.

आधी नाव तपासा

सर्वांत आधी करायचे काम साधे वाटते आणि म्हणूनच ते मागे पडते. दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिकांवर आपल्याकडे आडनाव पहिले, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि कित्येकदा आईचेही नाव छापलेले असते. पासपोर्टवर मात्र आडनाव आणि दिलेले नाव अशी दोनच खाती असतात, आणि वडिलांचे नाव त्यांपैकी कशात गेले आहे किंवा गेलेच नाही, हे पासपोर्ट काढताना कोणी फारसे पाहिलेले नसते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग बारावीच्या गुणपत्रिकेवर एक आणि पदवीच्या गुणपत्रिकेवर दुसरे होते. दुरुस्तीसाठी त्याला चार महिने हेलपाटे घालावे लागले आणि त्याचे ते सत्र गेले. त्यामुळे सर्व कागद एका टेबलावर मांडून प्रत्येक अक्षर जुळते का ते पाहावे, आणि जुळत नसेल तर बाकीच्या कामांना हात लावण्यापूर्वी ते दुरुस्त करून घ्यावे.

त्यानंतर विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांतील विषय आणि गुणांचा अधिकृत उतारा, मागवावे. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकणाऱ्याने ते विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून घ्यायचे असते. स्वायत्त महाविद्यालयात शिकणाऱ्याने गुणपत्रिका कोण देते आणि पदवी कोण देते हे आधी समजून घ्यावे, कारण जर्मन कार्यालये या दोन्ही नावांकडे बारकाईने पाहतात. ट्रान्सक्रिप्टबरोबरच गुणदानाची पद्धत सांगणारे पत्र घ्यावे आणि त्यात कमाल गुण आणि उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे किमान गुण स्पष्ट लिहिलेले असावेत. या एका ओळीचे महत्त्व फार मोठे आहे. जर्मनीत 1.0 ही सर्वोत्तम श्रेणी आणि 4.0 ही उत्तीर्ण होण्याची शेवटची श्रेणी असते. आपले गुण त्या मापात बसवण्यासाठी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्या उत्तराला कमाल आणि किमान गुणांमधील फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि त्यात एक मिळवायचा. 72 टक्के असलेल्या विद्यार्थ्याच्या पत्रात उत्तीर्णतेची किमान मर्यादा 40 लिहिली असेल तर उत्तर 2.4 येते, तीच 50 लिहिली असेल तर 2.68 येते. अनेक अभ्यासक्रमांची प्रवेशाची मर्यादा 2.5 असते, हे लक्षात घेतले म्हणजे पत्रातील तो एक आकडा किती निर्णायक आहे ते कळेल. तुमच्या नियमावलीत जो आकडा आहे तोच, बिनचूक, पत्रात आला आहे याची खात्री करून घ्या.

एपीएस

भारतीय विद्यार्थ्यांना 1 नोव्हेंबर 2022 पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र बंधनकारक झाले आहे. एपीएस म्हणजे दिल्लीतील जर्मन दूतावासाशी जोडलेला, शैक्षणिक कागदपत्रे खरी आहेत की नाहीत हे तपासणारा विभाग. ऑनलाइन अर्ज भरून 18,000 रुपये शुल्क भरावे लागते आणि ठरवून दिलेल्या कागदपत्रांच्या प्रती पाठवाव्या लागतात. तपासणीला आठवडे, कधी महिने लागतात, आणि बरीच विद्यापीठे आता प्रवेश अर्जाबरोबरच हे प्रमाणपत्र मागतात. म्हणजे 1 मार्चची अंतिम तारीख गाठायची असेल तर एपीएसचा अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच जायला हवा, आणि त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट ऑगस्टमध्ये हाती हवे. जूनपासून सुरुवात करा असे मी म्हणतो ते याच हिशेबाने.

अभ्यासक्रम निवडताना

एपीएसची वाट पाहत असताना अभ्यासक्रम शोधावेत. डाड या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या संकेतस्थळावर इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमांची शोधयादी आहे, ती विनामूल्य आहे आणि माझ्या मते सुरुवातीला तेवढी पुरेशी आहे. आपली पदवी देणारी संस्था जर्मनीत मान्य आहे का, हे अनाबिन नावाच्या माहितीकोशात पाहता येते; तिथे संस्थेपुढे एच प्लस असे असेल तर ती मान्यताप्राप्त समजतात.

यापुढचा टप्पा सर्वांत अधिक वाचनाचा आहे आणि नेमका हाच टप्पा बहुतेक जण एखाद्या एजंटवर सोपवतात. जर्मन मास्टर्स हे तुमच्या पदवीच्या विषयाचे पुढचे पाऊल समजले जाते. त्यामुळे प्रत्येक अभ्यासक्रमाच्या प्रवेश नियमांत गणिताचे इतके, मेकॅनिक्सचे इतके, पदार्थविज्ञानाचे इतके ईसीटीएस (युरोपातील सामाईक पद्धतीचे) श्रेयांक पदवीत झालेले असावेत, अशी यादी दिलेली असते. एका पूर्ण वर्षाच्या अभ्यासाचे 60 ईसीटीएस धरतात आणि एका ईसीटीएसमागे 25 ते 30 तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. आपला चार वर्षांचा अभ्यासक्रम समोर ठेवून त्या यादीतील प्रत्येक ओळीपुढे आपले विषय लिहावेत. जिथे मोठी पोकळी राहील तिथे, गुण कितीही चांगले असले तरी, अर्ज बाजूला पडण्याची शक्यता अधिक असते. हे काम एका अभ्यासक्रमाला एक संध्याकाळ घेते आणि ते विद्यार्थ्याने स्वतःच करावे, कारण आपण काय शिकलो हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते.

कोल्हापूरच्या मुलांकडे या बाबतीत एक जमेची बाजू आहे आणि ती वापरली जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरात फौंड्रीचा धंदा डोळ्यांसमोर चालतो. कित्येकांच्या घरातच तो आहे. आखेनला आणि फ्रायबेर्गच्या 1765 मध्ये स्थापन झालेल्या खनिकर्म विद्यापीठात ओतकामाचे शिक्षण आणि संशोधन करणाऱ्या स्वतंत्र संस्था आहेत. इचलकरंजीच्या वस्त्रोद्योगात वाढलेल्यांसाठी आखेन, ड्रेस्डेन आणि रॉयटलिंगेन येथे वस्त्र तंत्रज्ञानाचे विभाग आहेत. असे असताना सगळेच जण म्युनिक आणि डेटा सायन्स या एकाच रांगेत उभे राहतात. हेतुपत्रात, म्हणजे मोटिव्हेशन लेटरमध्ये, ‘मला लहानपणापासून तंत्रज्ञानाची आवड आहे’ असे लिहिण्याऐवजी, अमुक फौंड्रीत सुट्टीत काम करताना कास्टिंगमध्ये श्रिंकेजमुळे रिजेक्शन किती येत होते, त्यासाठी रायझरमध्ये काय बदल करून पाहिला आणि कोणता प्रश्न सुटला नाही, हे एका पानात लिहिले, तर वाचणाऱ्या प्राध्यापकाला हा विद्यार्थी आपल्याकडे का येतो आहे हे लगेच कळते.

अर्ज काही विद्यापीठे थेट स्वतःच्या संकेतस्थळावर घेतात, तर काही युनि-असिस्ट या सामाईक संस्थेमार्फत घेतात. युनि-असिस्टचे शुल्क एका सत्रातील पहिल्या अर्जाला 75 युरो आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला 30 युरो आहे. तिथे तपासणीला वेळ लागतो, म्हणून अंतिम तारखेच्या किमान सहा आठवडे आधी अर्ज जावा. सहा ते आठ नीट निवडलेले अर्ज पुरेसे असतात.

बारावीनंतर लगेच जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की जे. ई. ई. ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असल्यास तांत्रिक विषयांच्या बॅचलरला, किंवा इथे पदवीचे एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केल्यास त्याच्याशी संबंधित विषयाला थेट अर्ज करता येतो. एरवी श्टुडिएनकोलेग हे पूर्वतयारीचे वर्ष करून त्याची परीक्षा द्यावी लागते. बॅचलरचे शिक्षण बहुतांशी जर्मन भाषेत असल्याने हा मार्ग भाषेच्या भक्कम तयारीशिवाय धरू नये.

भाषा

इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्ससाठी आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण 6.5 गुण मागतात. जर्मन भाषेतील अभ्यासक्रमांसाठी टेस्टडाफ किंवा डीएसएचसारख्या परीक्षा द्याव्या लागतात. परंतु इंग्रजीत शिकायचे असले तरी निघण्यापूर्वी जर्मन ए 2 पर्यंत, म्हणजे प्राथमिक टप्प्याच्या दुसऱ्या पातळीपर्यंत, झालेली असावी, असा माझा आग्रह आहे. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात परीक्षा देता येते आणि वर्ग कोल्हापुरात बसूनही ऑनलाइन करता येतात. घरमालकाचा करार, डॉक्टरांचे पत्र, नगरपालिकेची नोटीस हे सर्व जर्मनमध्येच येते, आणि कारखान्यातील काम तर बहुतेक ठिकाणी जर्मनमध्येच चालते.

पैसे

जर्मनीत शिक्षण फुकट असते हे विधान बऱ्याच अंशी खरे आहे, पूर्णपणे नाही. बहुतेक राज्यांतील सरकारी विद्यापीठे शिकवणी शुल्क घेत नाहीत. फक्त सत्रशुल्क घेतात, जे ठिकाणानुसार साधारण 100 ते 400 युरो असते. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात मात्र 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला 1,500 युरो भरावे लागतात. वर उल्लेखलेले रॉयटलिंगेन याच राज्यात आहे. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी दर सत्राला 4,000 ते 6,000 युरो शुल्क लावले आहे. खासगी संस्थांचे शुल्क याहून वेगळे आणि बरेचदा जास्त असते, आणि ‘प्रवेश नक्की’ असे सांगणारे एजंट अनेकदा तिकडेच वळवतात.

खर्चाची खरी अडचण राहण्या-खाण्याच्या रकमेची आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये एका वर्षाचे 11,904 युरो आधीच ठेवून दाखवावे लागतात, आणि तिथे गेल्यावर त्यातून दरमहा 992 युरो काढता येतात. युरोचा भाव 100 रुपये धरला तर ही रक्कम 11,90,400 रुपये होते. प्रत्यक्ष हिशेब त्या दिवसाच्या भावाने करावा. ही रक्कम फी नसून स्वतःचेच पैसे असतात आणि व्हिसा नाकारला गेला तर ती परत मिळते, हे पालकांना आवर्जून सांगावे लागते. शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर बँकेशी बोलणी प्रवेशपत्राची वाट न पाहता फेब्रुवारीतच सुरू करा. याखेरीज पहिल्या महिन्यासाठी वेगळे दीड-दोन हजार युरो हाताशी असू द्यावेत. तिथे चालू खाते उघडून ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे मिळू लागेपर्यंत काही आठवडे जातात आणि घराची अनामत त्याआधीच द्यावी लागते.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि मराठा-कुणबी समाजातील विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेची योजना आहे. सारथीचे उपकेंद्र कोल्हापुरातच आहे. दोन्हींत विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान विचारात घेतले जाते, म्हणून विद्यापीठे निवडतानाच त्यांचे नियम समोर ठेवावेत.

व्हिसा आणि घर

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचा व्हिसा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटची पावती, आरोग्य विमा, भाषेचे प्रमाणपत्र आणि हेतुपत्र हे मुख्य कागद असून शुल्क 75 युरो आहे. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून प्रवेशपत्र येताच त्याच आठवड्यात हे काम हाती घ्यावे. ज्या दिवशीची वेळ मिळेल त्याच्या आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघणारे अनेक जण आहेत; मी मात्र एक दिवस आधी पोहोचण्याचा सल्ला देतो.

घराचा अर्ज प्रवेशपत्र आल्याच्या दिवशीच करावा. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून उभ्या केलेल्या बोर्डिंगांच्या या गावात शिक्षणाबरोबर राहण्याची सोय असणे आपल्याला स्वाभाविक वाटते. जर्मनीत मात्र विद्यापीठ स्वतः वसतिगृह देत नाही. ते काम श्टुडिएरेंडेनवेर्क नावाची वेगळी संस्था करते आणि मोठ्या शहरांत तिची प्रतीक्षायादी कित्येक महिन्यांची असते. दुसरा पर्याय सामाईक घरातील एका खोलीचा असतो. घर प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर पाहिल्याशिवाय आणि करार हाती आल्याशिवाय कोणालाही अनामत पाठवू नये.

पोहोचल्यावर

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी तिथे राहत असल्याचे घरमालकाच्या सहीचे पत्र लागते. राहण्याचा परवाना देणाऱ्या कार्यालयाची वेळ मिळायला बराच काळ जातो, म्हणून व्हिसाची मुदत संपण्याच्या पुष्कळ आधी तिथे अर्ज टाकावा. नोकरीबाबत नियम असा आहे की मार्च 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते. विद्यापीठातच प्राध्यापकांकडे सहायक म्हणून केलेले काम या मर्यादेत मोजले जात नाही, आणि अभ्यासाच्या दृष्टीनेही तेच अधिक चांगले.

परीक्षा मात्र गांभीर्याने घ्या. तिथे प्रत्येक परीक्षेसाठी मुदतीत स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि नाव काढून घ्यायचे असेल तर तेही मुदतीतच काढावे लागते. आपल्याकडे राहिलेला विषय पुढच्या सत्रात पुन्हा देण्याची सवय असते. जर्मनीत सहसा एका परीक्षेसाठी तीनच प्रयत्न मिळतात, आणि अनिवार्य विषयात तिसराही फसला तर विद्यार्थ्याचे नाव कमी होते. मग तोच अभ्यासक्रम जर्मनीतील दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. म्हणून पहिल्या सत्रात पूर्ण 30 ईसीटीएसचा भार घेण्यापेक्षा चार विषय नीट करावेत, आणि नोंदणीच्या व माघारीच्या तारखा पहिल्याच आठवड्यात खोलीच्या भिंतीवर लिहून ठेवाव्यात.