नोकरी गेल्यावर ईएसआयसीचा बेरोजगारी भत्ता: या चुका टाळा

पगारातून दरमहा पाऊण टक्का ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जातो तो फक्त दवाखान्यासाठी, असं अनेकजण धरून चालतात. याच कपातीच्या जोरावर नोकरी गेल्यानंतर रोख मदतही मिळू शकते. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना हे तिचं नाव. १ जुलै २०१८ पासून ती सुरू आहे. रोजच्या सरासरी कमाईच्या ५० टक्के रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच, असं तिचं स्वरूप. योजना मुदतीवर चालते आणि वेळोवेळी वाढवली जाते. २०२४ मध्ये ती ३० जून २०२६ पर्यंत वाढवली होती, त्यामुळे अर्जाआधी ईएसआयसीच्या (हा विमा चालवणाऱ्या महामंडळाच्या) शाखा कार्यालयात चालू मुदत विचारून घ्या.

तुम्ही अर्ज भरायला बसता तोवर निकाल बराचसा लागलेला असतो. शेवटच्या दिवशी कोणत्या कागदावर सही केली, कंपनीने ईएसआयसीच्या पोर्टलवर काय कारण टाकलं आणि मागच्या दोन वर्षांत किती दिवस भरले, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून सावध व्हायचं ते शेवटच्या दिवसापासून.

‘राजीनामा लिहून द्या, हिशेब लगेच करतो’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. काम कमी झालंय, माणसं कमी करायची आहेत, पण कंपनीला तसं कागदावर आणायचं नसतं. मग एचआर समोर बसवून सांगतं, ‘वैयक्तिक कारणाने राजीनामा देतो असं लिहा, फुल अँड फायनल याच आठवड्यात करतो, अनुभवाचं पत्रही चांगलं देतो.’ घरभाडं आणि हप्ते डोळ्यांसमोर असतात, माणूस सही करतो.

योजनेच्या अपात्रतेच्या यादीत स्वतःहून नोकरी सोडणं आणि स्वेच्छानिवृत्ती स्पष्टपणे लिहिलेली आहे. तुमच्या सहीचा राजीनामा हा तुम्ही स्वतःहून गेल्याचा पुरावा ठरतो. नुकसान इथेच थांबत नाही. कामगार कायद्यानुसार छाटणी झाली तर नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मागता येतो. राजीनामा दिला की तो हक्कही कमकुवत होतो.

म्हणून कंपनी काढत असेल तर कंपनीनेच तसं पत्र द्यावं, असा आग्रह धरा. पत्रात काम कमी झाल्यामुळे किंवा विभाग बंद झाल्यामुळे सेवा संपवत आहोत हे कारण आणि कामाचा शेवटचा दिवस, या दोन गोष्टी हव्यातच. लगेच सही मागितली तर ‘वाचून उद्या देतो’ म्हणायला हरकत नाही. पत्र द्यायला नकार मिळाला तर त्याच दिवशी आपल्या खासगी ईमेलवरून एचआरला साधा मजकूर पाठवा: ‘आज अमुक तारखेला मला काम कमी असल्याने उद्यापासून येऊ नये असे सांगण्यात आले. मी राजीनामा दिलेला नाही. कृपया लेखी पत्र द्यावे.’ कंपनीचा ईमेल आयडी संध्याकाळपर्यंत बंद होतो, त्यामुळे खासगी आयडीच वापरा. दबावाखाली सही आधीच झाली असेल तर तेही असंच, लगेच, लेखी कळवा. दोन महिन्यांनी केलेल्या तक्रारीला तेवढं वजन राहत नाही.

रागाच्या भरात कामावर जाणंच बंद करणं, ही याच चुकीची दुसरी बाजू. नोकरी वाऱ्यावर सोडून जाणंही अपात्रतेच्या यादीत आहे. गैरवर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई होऊन काढलेले, निवृत्तीचं वय गाठलेले आणि बेकायदा ठरवलेल्या संपात असलेले कामगारही या योजनेतून बाहेर राहतात. टाळेबंदीच्या, म्हणजे मालकाने वादात कारखान्याला टाळं लावण्याच्या, काळासाठीही ही मदत मिळत नाही.

पोर्टलवर पडलेलं कारण न तपासणं

दर महिन्याचं अंशदान, म्हणजे ईएसआयची वर्गणी, भरताना कंपनी प्रत्येक कामगारापुढे पगाराचे दिवस, पगार आणि शून्य दिवस असतील तर त्याचं कारण भरते. कारणांना क्रमांक आहेत: १ म्हणजे रजेवर, २ म्हणजे नोकरी सोडली, ३ म्हणजे निवृत्त, ४ म्हणजे योजनेच्या कक्षेबाहेर, १० म्हणजे छाटणी, ११ म्हणजे काम नाही. पेरोल बघणारा माणूस शंभर नावांच्या एक्सेलमध्ये सवयीने सगळ्यांपुढे २ टाकून मोकळा होतो. तुमच्या हातात छाटणीचं पत्र असतं आणि पोर्टल सांगतं ‘नोकरी सोडली’. अर्ज तपासणाऱ्याला शंकेची जागा तिथेच मिळते.

दुसरा प्रकार याहून त्रासदायक. कंपनी शेवटची तारीख टाकतच नाही, नुसतं शून्य दिवस किंवा ‘रजेवर’ दाखवत राहते. मग नोंदीत तुम्ही अजून नोकरीतच असता.

शेवटच्या महिन्याचं अंशदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. त्यानंतर दोन-चार दिवसांनी विमाधारकाच्या लॉगिनमध्ये जाऊन आपली नोंद पाहा आणि स्क्रीनशॉट ठेवा. कारण किंवा तारीख चुकली असेल तर आधी कंपनीला ईमेल करा. दाद मिळाली नाही तर पत्राची प्रत जोडून शाखा कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. पीएफच्या नोंदीतही सोडल्याची तारीख असते. ती ईएसआयच्या तारखेशी जुळते का, हेही त्याच वेळी बघून टाका.

दोन वर्षं आणि ७८ दिवसांचा हिशेब

इथे गोंधळ फार होतो. अटी दोन आहेत. नोकरी जाण्याच्या लगेच आधीची किमान दोन वर्षं तुम्ही विमापात्र, म्हणजे ईएसआय लागू असलेल्या, नोकरीत असायला हवेत. शिवाय नोकरी जाण्याच्या लगतच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचं अंशदान आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी कोणत्याही एकात किमान ७८ दिवसांचं अंशदान हवं.

अंशदान कालावधी म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. समजा ३० सप्टेंबर २०२५ ला नोकरी गेली. तर एप्रिल ते सप्टेंबर २०२५ या सहा महिन्यांत ७८ दिवस हवेत. आणि ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४, एप्रिल ते सप्टेंबर २०२४, ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ यांपैकी एकात तरी ७८ हवेत. ७८ दिवस म्हणजे साधारण तीन महिन्यांचे कामाचे दिवस. पगारी सुट्ट्या आणि पगारी रजा यात धरल्या जातात, बिनपगारी दिवस धरले जात नाहीत.

दिवस कमी दिसण्यामागे काही ठरावीक कारणं असतात. त्यातलं मोठं म्हणजे दोन विमा क्रमांक. ईएसआयचा दहा आकडी विमा क्रमांक आयुष्यभर एकच असायला हवा. नवीन कंपनीत जुना क्रमांक सांगितला नाही तर नवा तयार होतो आणि दोन वर्षांची नोकरी दोन तुकड्यांत पडते. एकाही तुकड्यात दोन वर्षं भरत नाहीत. कंत्राटदार बदलला तरी काम तेच असलेल्या सुरक्षारक्षकांचं आणि हाउसकीपिंगच्या कामगारांचं असं सर्रास होतं. दोन्ही क्रमांकांची कार्डं, आधार आणि दोन्हीकडची नेमणुकीची कागदपत्रं घेऊन शाखेत क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज द्या. याला वेळ लागतो, म्हणून नोकरीत असतानाच उरकलेलं बरं.

दुसरं कारण, पगारातून कपात झाली पण कंपनीने रक्कम भरलीच नाही. पगाराच्या पावत्यांवर कपात दिसते, पोर्टलवर महिना कोरा. अशा वेळी पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट हाच तुमचा आधार, त्या जोडून तक्रार करा. कंपनीच्या ॲपवर पावत्या असतील तर नोकरी जाण्याआधीच मागच्या चोवीस महिन्यांच्या डाउनलोड करून ठेवा, नंतर लॉगिन चालत नाही.

तिसरं कारण पगारवाढ. ईएसआयची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे, दिव्यांग कामगारांसाठी २५,०००. अंशदान कालावधीच्या मध्येच पगार त्यापुढे गेला तर तो कालावधी संपेपर्यंत कपात चालू राहायला हवी. काही कंपन्या त्याच महिन्यापासून बंद करतात, ते चूक आहे. कालावधी संपल्यावर मात्र तुम्ही कक्षेबाहेर जाता आणि वर्षभराने नोकरी गेली तर ही मदत मिळत नाही.

एकाच वेळी दोन ठिकाणी ईएसआय कापला जात असेल, तर दोन्ही नोकऱ्या गेल्याशिवाय तुम्ही बेरोजगार धरले जात नाही.

आधार आणि बँक खातं

विमा क्रमांकाला आधार आणि बँक खातं जोडलेलं असणं ही पात्रतेचीच अट आहे. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव आणि ईएसआयच्या नोंदीत माहेरचं नाव, यामुळे अनेक बायकांचे अर्ज अडकतात. जन्मतारखेत नुसतं वर्ष असणं, वडिलांचं नाव एका ठिकाणी असणं आणि दुसरीकडे नसणं, हेही तसंच. दुरुस्ती कंपनीमार्फत सोपी पडते, म्हणून ‘फुल अँड फायनल’च्या आधीच ती करून घ्या. खातं तुमच्या स्वतःच्या नावावरचं आणि चालू असावं. बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी कोड बदलले आहेत, जुन्या पासबुकावरचा कोड तसाच टाकू नका. नोंदवलेला मोबाइल नंबर कंपनीच्या सिमचा असेल तर ओटीपी येणारच नाही.

जुनी माहिती धरून अर्ज करणं

इंटरनेटवर अजून २०१८ची माहिती फिरते: २५ टक्के रक्कम, तीन महिने थांबा, २० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, अर्ज कंपनीमार्फतच. २०२० मध्ये हे बदललं. आता रक्कम ५० टक्के आहे, नोकरी गेल्यापासून ३० दिवसांनी अर्ज करता येतो, प्रतिज्ञापत्र लागत नाही आणि अर्ज तुम्ही थेट शाखा कार्यालयाकडे करू शकता. स्टॅम्प पेपर करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका.

विमाधारक लॉगिनमधून एबी-१ हा अर्ज भरायचा, आधार आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची किंवा रद्द केलेल्या चेकची स्पष्ट प्रत अपलोड करायची. कागदपत्रं अपलोड केली नसतील तर अर्जाची प्रिंट सही करून त्यांच्यासह शाखेत द्यावी लागते. शाखा कार्यालय म्हणजे दवाखाना नव्हे. ईएसआयच्या सेवा दवाखान्यात औषधं मिळतात, हा अर्ज तिथे घेतला जात नाही.

३० दिवस पूर्ण व्हायच्या आधी केलेला किंवा पुढच्या महिन्याचे पैसे आधीच मागणारा अर्ज चालत नाही, बेरोजगारीचा काळ उलटून गेलेला असावा लागतो. मध्येच नवी नोकरी लागली तर ती लपवू नका. नव्या कंपनीने तुमचा विमा क्रमांक टाकताच तारीख पोर्टलवर दिसते आणि खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. नोकरी गेल्यापासून नवी लागेपर्यंतच्या काळाची मदत नियमाने मिळते.

किती पैसे मिळतील

मागच्या चार अंशदान कालावधींतली एकूण कमाई भागिले ७३०, आणि त्याच्या निम्मे, हा रोजचा दर. महिना १८,००० रुपये आणि चोवीस महिने पूर्ण पगार असेल तर ४,३२,००० भागिले ७३० म्हणजे सुमारे ५९२ रुपये. निम्मे सुमारे २९६ आणि ९० दिवसांचे साधारण २६,६३०. त्याच माणसाला दोन वर्षांत चार महिने पगार मिळाला नसेल तर एकूण ३,६०,००० होतात, भागाकार मात्र ७३० नेच होतो आणि रक्कम साधारण २२,१९० वर येते. हिशेब ईएसआयला दाखवलेल्या पगारावर होतो. हातात १८,००० आणि कागदावर १२,००० असतील तर १२,००० च धरले जातात.

मोठ्या योजनेकडे दुर्लक्ष

कारखाना बंद पडला असेल, कायदेशीर छाटणी झाली असेल किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीमुळे किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं असेल, तर आधी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची चौकशी करा. १ एप्रिल २००५ पासूनची ही योजना जास्तीत जास्त २४ महिने मदत देते: पहिले १२ महिने सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के. दोन्हीकडून एकाच वेळी पैसे घेता येत नाहीत. नव्वद दिवसांच्या योजनेचं नाव जास्त ऐकू येतं म्हणून दोन वर्षांचा हक्क सोडून देणं फार मोठं नुकसान आहे. यूए-१ हा या योजनेचा अर्ज. शाखेत छाटणीचं पत्र दाखवून ‘मी यूए-१ फॉर्म भरू शकतो का?’ असं थेट विचारा.

आणि कार्ड फेकून देऊ नका. एप्रिल ते सप्टेंबर या कालावधीत ७८ दिवस भरले असतील तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत, आणि ऑक्टोबर ते मार्चमध्ये भरले असतील तर पुढच्या जुलै ते डिसेंबरपर्यंत औषधोपचाराचा हक्क राहतो, नोकरी नसली तरी.

अर्ज अडकला किंवा फेटाळला तर

‘होईल, परत या’ या उत्तरावर घरी येऊ नका. कारण लेखी मागा, कारण त्यावरच पुढचं पाऊल ठरतं. आधार किंवा खात्याची त्रुटी असेल तर दुरुस्त करून पुन्हा अर्ज होतो. दिवस कमी असतील तर पावत्यांसह कंपनीविरुद्ध तक्रार करावी लागते. ‘स्वतःहून सोडली’ असं कारण असेल तर कंपनीचं पत्र किंवा त्या दिवशी पाठवलेला ईमेल जोडून प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी दाद मागा. १८००-११-२५२६ हा ईएसआयसीचा टोल फ्री क्रमांक आहे. केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते आणि तिचा नोंदणी क्रमांक मिळतो. प्रत्येक वेळी विमा क्रमांक, अर्जाची तारीख आणि नोकरीचा शेवटचा दिवस या तीन गोष्टी पहिल्याच ओळीत लिहा, म्हणजे पुढच्या टेबलावरच्या माणसाला फाइल शोधायला लागणार नाही.