इमॅजिकाला फॅमिलीसोबत जायचंय? आधी आजीचा आणि सगळ्यात छोट्याचा विचार करा

सुट्ट्या लागल्या की घरोघरी एकच विषय, खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला कधी जायचं. एस्सेलवर्ल्ड बंद झाल्यापासून मोठ्या राइड्ससाठी मुंबईकरांना खोपोलीच गाठावी लागते. मुलं तर तिथल्या नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरचे व्हिडिओ बघून आधीच तयार असतात, पण प्लॅन नायट्रोवरून करू नका. ग्रुपमधलं सगळ्यात छोटं मूल आणि सगळ्यात हळू चालणारं माणूस, हे दोघं दिवसभर खुश राहतील असा प्लॅन करा, बाकीचे आपोआप मजा करतात.

पहिलं काम घरातच करायचं. मुलांना चपला काढून भिंतीला टेकवून उभं करा आणि टेपने उंची मोजा. तिकीट आणि राइड दोन्ही वयावर नाही, उंचीवर ठरतं. प्रत्येक राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि तिथला स्टाफ एक बोटभर कमी असेल तरी सोडत नाही, आणि बरोबरच आहे ते, सीटचा लॉक त्या मापाचा असतो. पण पाऊण तास लाइनमध्ये उभं राहून मग पोराला बाहेर काढलं की जे रडणं सुरू होतं ते पुढच्या दोन राइड्स खातं. म्हणून वेबसाइटवर प्रत्येक राइडची उंची बघा आणि मुलाला घरीच सांगून ठेवा की ही तुझी, ही पुढच्या वर्षी.

दिवस शक्यतो मंगळवार ते गुरुवार पकडा, एक दिवसाची रजा टाकावी लागली तरी चालेल पण रविवार नको. तिकीट ऑनलाइनच काढा, रेट तारखेप्रमाणे बदलतात. एक्स्प्रेस तिकीट, म्हणजे लांब लाइन टाळून राइडला सोडणारं, महाग असतं, ते दिवाळी-नाताळच्या गर्दीत जाणार असाल तरच घ्या. आणि थीम पार्क, वॉटर पार्क दोन्ही एकाच दिवशी उरकायचा मोह टाळा, कपडे बदलण्यातच अर्धा दिवस जातो आणि म्हातारी माणसं नुसती बॅगा सांभाळत बसतात. वॉटर पार्कच करायचा असेल तर त्यासाठी गोराईचं वॉटर किंगडम आहेच, मार्व्याहून बोटीने जाता येतं.

जायचं कसं? गाडी असेल तर एक्स्प्रेसवेने खालापूर टोलनाक्याजवळ खोपोली-पालीच्या बाजूला उतरायचं, बोरघाट चढावाच लागत नाही. पण शनिवारी सकाळी लोणावळ्याची सगळी गर्दी त्याच रस्त्यावर असते, त्यामुळे दादर-ठाण्याहून निघणाऱ्यांनी सातच्या आत घर सोडा. दक्षिण मुंबईतून २०२४ ला सुरू झालेल्या अटल सेतूने पनवेलकडे सुटसुटीत पोचता येतं. ट्रेनने जाणार असाल तर सीएसएमटीहून थेट खोपोली लोकल मोजक्याच आहेत, नाहीतर कर्जतला बदलायची, आणि खोपोली स्टेशनवरून पुढे रिक्षा. येताना शेवटची सोयीची लोकल कुठली ते आधीच बघून ठेवा.

गेट उघडायच्या आधी पोचलात की अर्धं काम झालं. मोठ्यांनी आत शिरल्याशिरल्या नायट्रोकडे जायचं. ती फ्लोअरलेस कोस्टर आहे, पायाखाली काहीच नसतं, पाय हवेत लोंबतात आणि ५ वेळा उलटं व्हायला होतं, त्यामुळे जड नाश्ता करून बसू नका. बीपी, हार्ट, पाठीचा त्रास किंवा प्रेग्नन्सी असेल त्यांनी बसायचंच नाही, यात भीड बाळगू नये. तेवढ्या वेळात दुसऱ्या मोठ्या माणसाने छोट्यांना लहान राइड्सवर न्यायचं. फोनची रेंज आणि बॅटरी दोन्हीवर विसंबू नका, भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा, आणि छोट्याच्या खिशात आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी टाका.

दुपारी बारा ते तीन ऊन कडक असतं, तेव्हा एसीतल्या राइड्स करा. आय फॉर इंडिया आजी-आजोबांना खूप आवडते, समोर मोठा पडदा आणि आपण देशावरून उडतोय असं वाटतं. सलीमगड अंधारातली भुताची आहे, पाच-सहा वर्षांच्या पोरांना बळजबरी नेऊ नका, रात्री तुम्हालाच जागावं लागेल. राजासॉरसची पाण्याची राइड चारनंतर ठेवा कारण भिजायला होतं, आणि ओली जीन्स घालून दिवसभर फिरणं म्हणजे मांड्या सोलून निघतात. जाता जाता मुलांना सांगा की राजासॉरस हा खराखुरा आपल्याकडचा डायनासोर, त्याची हाडं गुजरातेत रहिओलीला सापडली आणि २००३ मध्ये त्याला नाव मिळालं. डायनासोरवेड्या पोरांचे डोळे असे मोठे होतात!

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून धपाटे-चटणी गाडीतच खाऊन घ्या आणि आत एकच जेवण धरा, तेसुद्धा साडेअकराला किंवा अडीचला, एकला सगळं पार्क तिथेच असतं. बॅगेत टोपी, मुलांचा एक जास्तीचा कपड्यांचा जोड, ओल्यासाठी प्लास्टिकची पिशवी आणि मागे पट्टा असलेल्या सँडल, एवढं पुरे. स्लीपर घालून येऊ नका. पावसाळ्यात हिरवंगार असतं पण जोराच्या पावसात बाहेरच्या राइड्स थांबवतात, तेव्हा नायट्रोसाठीच जाणार असाल तर तो सीझन टाळा. कुठली राइड मेंटेनन्सला बंद आहे का ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

आणि ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर एक गोष्ट नक्की करा. खोपोलीजवळच महडचा वरदविनायक आहे आणि पार्कच्याच रस्त्याने पुढे पालीचा बल्लाळेश्वर, दोन्ही अष्टविनायकातले. जवळपास मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही दर्शनं आरामात होतात. फक्त त्या दिवशी चतुर्थी नाही ना, ते कॅलेंडरमध्ये बघून मगच बुकिंग करा.