पावसाळी ट्रेकला निघताय? आधी या चुका टाळा

आषाढ लागला की नाशकात दर शुक्रवारी रात्री कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर मेसेज येतो: 'उद्या हरिहर गड, कोण कोण?' अंगठे धडाधड वर होतात. हवामानाचा अंदाज बघायची तसदी कोणी घेत नाही. ऑरेंज अलर्ट असेल तर उलट जास्त उत्साह, म्हणे धबधबे भारी मिळतील! वर्षानुवर्षं तेच बघून कंटाळलो, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ग्रुप तुटू देणं. 'तुम्ही या हळूहळू, आम्ही वर थांबतो' हे वाक्य माझ्यासमोर कोणी उच्चारलं की माझं डोकं फिरतं. उन्हाळ्यात ठीक आहे. पावसाळ्यात ढग खाली उतरला की वीस पावलांपुढचा माणूस दिसत नाही आणि वाऱ्यात हाका विरून जातात. त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरी गडाचंच घ्या. पायऱ्या चढून घळीतून वर येईपर्यंत वाट चुकायची म्हटली तरी चुकत नाही. म्हणून मंडळी गाफील राहतात. पठारावर आलं की गुरांच्या वाटा दहा दिशांना फुटतात आणि ढगात सगळ्या सारख्याच दिसतात.

एका जुलैत आमच्यातले दोघे दमदार गडी असेच पुढे सटकले. अंजनीमातेच्या मंदिरापाशी आम्ही पोचलो, तर हे गायब. फोनला रेंज नाही. शोधायला म्हणून आणखी दोघे उठले, त्यांना मी दटावून बसवलं, नाहीतर दोनाचे चार झाले असते. मंदिराच्या आडोशाला बसून शिट्टी वाजवत राहिलो: तीनदा फुंकायची, थांबून कान द्यायचा, परत तीनदा. बऱ्याच वेळाने ढगातून आधी घोंगडीची खोळ दिसली, मग तिच्यामागे आमचे दोन महारथी, गुडघ्यापर्यंत चिखल. गुराखीदादा एवढंच म्हणाले, ''हे तुमचेच का? कड्याच्या अंगाला चालले होते.'' मग त्यांनी तंबाखू मळली आणि आले तसे ढगात निघून गेले. दोघांपैकी एकाचं म्हणणं, पाणी वाहत होतं त्या बाजूने उतरलं की गाव लागणारच होतं.

ही दुसरी आवडती समजूत. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालाय. म्हणून आपल्याकडे डोंगर सपाटी, कडा, सपाटी, कडा असा पायरीपायरीने उतरतो. ओढा सपाटीवर गोजिरवाणा वाहतो आणि कड्यावरून सरळ खाली उडी घेतो. त्याच्या मागे तुम्ही कुठे निघालात? वाट चुकल्यासारखं वाटलं की आहे तिथेच थांबायचं. ढग सरकतो, पाच-दहा मिनिटांत एखादी खूण दिसते. नाही दिसली तर शेवटची ओळखीची जागा जिथे सोडली तिथवर आल्या पावली मागे. माझ्या ग्रुपात सगळ्यात हळू चालणारा पुढे असतो, मी शेवटी. फाटा आला की सगळे जमेपर्यंत कोणी हलत नाही. पटत नसेल त्याने वेगळा ग्रुप करावा.

आता हरिहर. 1818 मध्ये इंग्रजांनी या भागातल्या बऱ्याच गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. हरिहरच्या पायऱ्या वाचल्या, आणि आता त्यांच्यावर आपण तुटून पडलोय. उभ्या कातळात कोरलेला जिना, एका वेळी जेमतेम एक माणूस, आणि पावसाळ्यातल्या रविवारी चढणारे-उतरणारे समोरासमोर. चढताना कोणाला काही वाटत नाही. उतरताना मात्र लोक घरचा जिना उतरल्यासारखे दरीकडे तोंड करून निघतात. टाच ओल्या पायरीच्या काठावर, सॅक मागच्या कातळाला घासतेय आणि तोल पुढे. अरे बाबा, तोंड कातळाकडे करा! हाताच्या पकडीसाठी पायऱ्यांतच खोबण्या कोरलेल्या आहेत, त्यात बोटं घाला, एक पाय पक्का टेकला की मगच दुसरा सोडा. तिथे सेल्फीसाठी थांबणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, शिव्या येतील. मी स्वतः पावसाळ्यात हरिहरला शनिवार-रविवारी जातच नाही. मधल्या वारी, उजाडताना पायथ्याच्या निरगुडपाड्यात.

बाकीच्या चुका एकेका ओळीच्या. जीन्स नको: भिजली की जड होते, वाळत नाही आणि वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेते. कळसूबाईचा माथा 1646 मीटरवर, म्हणजे नाशिक शहरापेक्षा हजारेक मीटर उंच. पाच-सहा अंशांचा फरक नुसत्या उंचीने पडतो, वारा वेगळाच. कोरडा टीशर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा आणि वर पोचल्यावर लगेच बदला, खाली गाडीपाशी नव्हे. कळसूबाईवर ढग गडगडायला लागले तर लोखंडी शिड्या आणि रेलिंगपासून दूर व्हा. तळ झिजलेले बूट घरीच राहू द्या. हेडटॉर्च हवीच, पावसाळ्यात जंगलातून उतरताना साडेसहालाच अंधारतं. आणि मिसळ येताना खा. सकाळी मिसळीवर तास घालवायचा, अकराला पायथा गाठायचा आणि मग शॉर्टकट शोधत धावायचं, निम्मी संकटं इथूनच सुरू होतात. दुपारी एकला जिथे असू तिथून मी मागे वळतो, माथा दहा मिनिटांवर असला तरी. त्यावरून टोमणे खूप ऐकलेत.

येताना ओढा फुगलेला असेल तर हातात हात घालून साखळी करायचा पराक्रम नको. पाणी गढूळ झालं आणि काड्या-पालापाचोळा वाहून यायला लागला की वर पाऊस वाढलाय. अलीकडेच बसून राहा. पाऊस उघडला की छोटे ओढे तासा-दोन तासांत उतरतात. ओढा उतरत नसेल किंवा कोणी जखमी असेल तर रेंज मिळेल तिथून 112 लावा.

निघताना पायथ्याच्या घरी गाडी कोणाची, माणसं किती, कुठल्या वाटेने जाणार हे सांगून जा. आणि उतरल्यावर तिथे तोंड दाखवूनच गाडीत बसा. परस्पर नाशिक गाठलंत, तर रात्री बॅटऱ्या घेऊन ती माणसं तुम्हाला शोधायला बाहेर पडतात.