बदलत्या हवामानात बाइक टूरिंग: कपडे निवडताना या चुका टाळा

पहाटे निघताना हुडहुडी भरते, दुपारी हेल्मेटखालून घाम ओघळतो, घाटमाथ्यावर धुकं लागतं आणि उतरताना पाऊस गाठतो. लांबच्या प्रवासात हे सगळं एकाच दिवसात होऊ शकतं. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. त्यात बाइकवरचा वारा: बाहेर १० अंश असताना ताशी ८० किलोमीटरने गेलात, तर उघड्या त्वचेला ती थंडी ४ अंशांच्या आसपासची वाटते. हवामानाच्या अंदाजात दिसणारा आकडा उभ्या माणसासाठी असतो, चालत्या बाइकवरच्या माणसासाठी नाही.

कपड्यांच्या बाबतीत माझं एक ठाम मत आहे. जो बदल रस्त्याच्या कडेला दोन मिनिटांत करता येत नाही, तो आपण करत नाही. "पुढे बघू" म्हणत तसेच दामटत राहतो. खालच्या बऱ्याच चुकांचं मूळ यातच आहे.

सगळं एकाच जॅकेटकडून मागणं

‘ऑल सीझन’ म्हणून विकलं जाणारं जॅकेट बहुतेकदा असं असतं: बाहेर जाड कापड, आत काढता-घालता येणारा वॉटरप्रूफ लायनर (अस्तर) आणि त्याच्याही आत थर्मल लायनर. दुकानात हे फार सोयीचं वाटतं. रस्त्यावर पाऊस सुरू झाला की मात्र जॅकेट पूर्ण उतरवायचं, लायनर झिप आणि बटणांनी जोडायचा आणि पुन्हा चढवायचं. पँटचा लायनर लावायचा तर आधी बूट काढायचे. हे सगळं भर पावसात, आडोसा नसताना.

बरं, लायनर वेळेवर लावला तरी बाहेरचं कापड पाणी पितच राहतं. जॅकेट जड होतं, बाहेरच्या खिशातला फोन आणि कागद भिजतात. पाऊस थांबल्यावर ते पाणी वाऱ्याने सुकायला लागतं आणि सुकताना अंगातली ऊब घेऊन जातं. पाऊस संपून तास झाला तरी काकडायला होतं ते यामुळे.

म्हणून पाणी अडवणारा थर सगळ्यात बाहेर हवा. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, लॅमिनेटेड जॅकेट, ज्यात वॉटरप्रूफ मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पातळ पडदा, बाहेरच्या कापडालाच चिकटवलेलं असतं. ते पाणी पीत नाही आणि लवकर सुकतं, पण कडक उन्हात त्यात कोंडल्यासारखं होतं. प्रवास मुख्यतः थंड आणि ओल्या भागातला असेल तर ते घ्या. दुसरा मार्ग, भरपूर व्हेंट (हवा आत-बाहेर खेळवणाऱ्या उघड्या जागा) असलेलं प्रोटेक्टिव्ह जॅकेट आणि त्यावर चढवायचा वेगळा रेन सूट. ऊन-पावसाचा खेळ चालू असेल तर मी दुसरा मार्ग सुचवेन. ऊब देणारा थरही वेगळाच ठेवा: पातळ फ्लीस किंवा छोटं घडी होणारं पॅडेड जॅकेट. मुक्कामी उतरल्यावर तेच अंगावर चालतं.

रेन सूट घेताना तो रायडिंग जॅकेटवरून घालून, बाइकवर बसून पाहा. पँटच्या पायाला गुडघ्यापर्यंत झिप हवी, म्हणजे बूट न काढता ती चढते. झिप आखूड असेल तर बुटावर प्लास्टिकची पिशवी घाला, पाय सरकन आत जातो. सायलेन्सरच्या बाजूला आतून उष्णता सोसणारं कापड लावलेलं आहे का तेही बघा. नाहीतर साधी पातळ पँट गरम पाइपला चिकटून वितळते. रंग भडक असू द्या, पावसात मागच्या गाडीला तुम्ही दिसणं फार गरजेचं आहे. आणि हा सूट बॅगेत सगळ्यात वर ठेवा. समोर आभाळ काळं दिसलं की तेव्हाच थांबून घाला. ओल्या कपड्यांवर चढवलेला रेन सूट आतली ओल तेवढी कोंडून ठेवतो.

आत ओल दिसली की जॅकेट गळतंय असं ठरवणं

आधी ओल कुठे आहे ते हाताने चाचपून पाहा. पाठ, काखा, कोपराची आतली बाजू असं सगळीकडे सारखं दमट असेल तर तो घाम आहे. गळा, मनगट किंवा जांघ अशा एकाच जागी चिंब असेल तर पाणी आत शिरतंय.

घामाचं कारण समजून घ्या. मेंब्रेनच्या छिद्रांतून पाण्याचा थेंब जात नाही, वाफ जाते. पण वाफ बाहेर पडण्यासाठी आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार आणि दमट असावी लागते. उकाड्यातल्या पावसात हा फरक जवळजवळ उरत नाही. अशा वेळी कितीही महागडं मेंब्रेन असलं तरी त्याचा फारसा इलाज चालत नाही. दुसरं कारण बाहेरच्या कापडाचं. त्यावरचा पाणी झटकणारा लेप झिजला की थेंब घरंगळून जात नाहीत, कापडावर पाण्याचा पापुद्रा बसतो, वाफेची वाट अडते आणि आत गार, ओलसर लागतं. यावर नवं जॅकेट हा उपाय नाही. मेंब्रेनच्या कपड्यांसाठी मिळणाऱ्या द्रवाने धुवा आणि लेबलवर परवानगी असेल तरच हलकी उष्णता द्या, लेप पुन्हा जागा होतो. तरीही थेंब टिकत नसतील तर लेपाचा स्प्रे मारा. फॅब्रिक सॉफ्टनर कधीही वापरू नका.

आणि आत कॉटनचा टी-शर्ट असेल तर या सगळ्याचा फायदा नाही. कॉटन घाम धरून ठेवतं, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक बेस लेअर, म्हणजे अंगालगतचा थर, घाला.

एकाच जागी ओल असेल तर कपड्यांचे सांधे तपासा. बसल्यावर मांडीत पाण्याचं तळं साचतं आणि पँटच्या पुढच्या झिपमधून किंवा शिवणीतून आत उतरतं. तिथे झिपवर रुंद पट्टी आहे का आणि शिवणींना आतून टेप लावलेली आहे का, ते घेतानाच बघा. कॉलरबाहेर डोकावणारा कापडी नेकट्यूब (गळ्यात घालायची कापडी नळी) दिव्यातल्या वातीसारखा पाणी ओढून छातीपर्यंत नेतो. तो पूर्ण आत खोचा. हात हँडलकडे उतरते असतील तर बाही ग्लोव्हजवरून घ्या, हँडल उंच असेल तर ग्लोव्हजचा कफ बाहीवरून. पँट मात्र नेहमी बुटावरून.

एक साइज मोठं घेणं

आत थर घालता यावेत म्हणून ढगळ जॅकेट घेणारे पुष्कळ आहेत. मला ही या यादीतली सगळ्यात धोक्याची चूक वाटते. पडताना ढगळ बाही गोल फिरते आणि कोपराचा प्रोटेक्टर (धक्का झेलणारं पॅड) भलतीकडेच जातो. आतला जाड थर घालून, बाइकवर बसण्याच्या पोझमध्ये माप घ्या. मग तो थर काढा आणि कोपर-गुडघ्याचे प्रोटेक्टर हाताने फिरवून बघा. पट्टे आवळूनही ते सरकत असतील तर ते जॅकेट नको.

लेबलही वाचा. युरोपियन मानक ईएन १७०९२ मध्ये एएए, एए आणि ए असे घासण्यापासून संरक्षणाचे उतरते वर्ग आहेत. बी वर्गात प्रोटेक्टर नसले तरी चालतात, आणि सी वर्गातलं कपडं फक्त प्रोटेक्टर जागेवर धरण्यापुरतं असतं. टूरिंगसाठी एए शोधा. प्रोटेक्टरवर ईएन १६२१ आणि लेव्हल १ किंवा २ लिहिलेलं असतं, लेव्हल २ कमी धक्का आत पोचू देतो. मऊ प्रोटेक्टर थंडीत कडक होतात, म्हणून टी– ही खूणही पाहा. तिचा अर्थ उणे १० अंशांतही चाचणी पार झाली आहे. टी+ म्हणजे ४० अंशांतली.

उन्हात सगळं उघडं टाकणं

हवा त्वचेपेक्षा थंड असेपर्यंत मेश, म्हणजे जाळीदार, जॅकेट उत्तम. पण पारा पस्तिशीच्या वर चढला की समोरून येणारी हवाच अंगाला उष्णता देते आणि घाम कामाला येण्याआधीच उडून जातो. अशा वेळी बेस लेअर पाण्याने भिजवा आणि पुढचे व्हेंट अर्धेच उघडे ठेवा, म्हणजे ओल हळूहळू सुकत गारवा देते. कोरड्या हवेत याचा फरक लगेच जाणवतो, दमट हवेत कमी. पाणी थोडं थोडं पीत राहा. जॅकेट काढून बॅगेला बांधणं हा पर्याय धरूच नका.

बोटं आणि पाय विसरणं

ग्लोव्हजची एकच जोडी घेऊन निघू नका. एक पातळ आणि हवेशीर, एक वॉटरप्रूफ आणि उबदार. बोटं गारठली की ब्रेकवरचा अंदाज जातो. बुटात मोज्यांच्या दोन-दोन जोड्या कोंबल्या तर रक्ताभिसरण अडतं आणि पाय आणखी गार पडतात. एकच जाड लोकरी मोजा, आत बोटं हलतील एवढी जागा ठेवून.

थरथर थांबत नसेल, गिअर चुकत असतील, बोलताना शब्द अडखळत असतील तर शरीराचं तापमान धोकादायक पातळीकडे उतरतंय. ३५ अंशांखाली गेलं की तो हायपोथर्मिया. ताबडतोब थांबा, आडोशाला जा, ओले कपडे बदला आणि गरम काहीतरी प्या. बोलणं बरळल्यासारखं होत असेल तर वैद्यकीय मदत मागवा.

गरम होणारं जॅकेट किंवा ग्लोव्हज वापरणार असाल तर आधी बाइकचा अल्टरनेटर एवढी जादा वीज देऊ शकतो का ते बघा, नाहीतर हळू वेगात बॅटरी उतरते. आणि मुक्कामी भिजलेलं लेदर हीटरपुढे टांगू नका, ते कडक होऊन तडकतं. ग्लोव्हज आणि बुटांत कोरडा कागद कोंबा, तासाभराने बदला आणि सावलीत वारा लागेल असे ठेवा.