तान्ह्या बाळाची सर्दी: नाक कसे मोकळे करावे, श्वास कसा मोजावा

महिन्या-दीड महिन्याच्या बाळाला सर्दी झाली की ती सगळ्यात आधी दूध पिताना दिसते. बाळ अंगावर लागते, दोन-चार घोट ओढते, तोंड सोडून रडते, पुन्हा लागते, पुन्हा सोडते. इतकी लहान मुले मुख्यतः नाकानेच श्वास घेतात आणि पिताना तर तोंड अडकलेलेच असते. मोठ्यांना जाणवणारही नाही एवढ्या शेंबडाने त्यांची नाकपुडी बंद होते. म्हणून घरी करायचे मुख्य काम म्हणजे पाजण्याआधी नाक मोकळे करणे आणि दिवसभर श्वासावर नजर ठेवणे. बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल तर साधी वाटणारी सर्दीही पहिल्या-दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या.

आधी सर्दीच आहे का ते पाहा

तान्ही बाळे दिवसातून अनेकदा शिंकतात. नाक साफ करायची ती त्यांची रीत आहे. पहिल्या काही आठवड्यांत झोपेत नाक घुरघुरते, त्यालाही घरोघरी 'कफ झाला' म्हणतात. नाक वाहत नसेल आणि बाळ नीट पीत-झोपत असेल तर काहीच करू नका.

सर्दीत नाक आधी पाण्यासारखे वाहते, मग शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो. हा रंग सर्दीच्या नेहमीच्या क्रमातला आहे. केवळ त्यावरून अँटिबायोटिक लागत नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो आणि ७ ते १० दिवसांत ओसरतो. खोकला मात्र दोन आठवडेही रेंगाळतो. जन्मापासूनच नाक बंद असेल, बाळ पिताना निळसर पडत असेल आणि रडले की गुलाबी होत असेल, तर ती सर्दी नव्हे. नाकाचा मागचा मार्ग जन्मतः बंद असू शकतो. लगेच दवाखाना गाठा.

नाक मोकळे करण्याची पद्धत

औषधाच्या दुकानातून नाकात घालायचे सलाइनचे थेंब आणा. बाटलीवर 'सोडियम क्लोराइड ०.६५%' लिहिलेले असावे आणि औषध म्हणून दुसरे काहीही नसावे. चोंदलेले नाक उघडणारे थेंबही तशाच छोट्या बाटलीत मिळतात, नावेही मिळतीजुळती असतात. त्यांत झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असेल तर परत करा. इतक्या लहान बाळाला त्याने गुंगी येऊ शकते, श्वास मंदावू शकतो. घरी मीठ-पाणी कालवू नका. प्रमाण चुकले तर नाक चुरचुरते, आणि जंतू जाण्याची भीती वेगळीच.

1. पाजण्याच्या १० ते १५ मिनिटे आधी सुरुवात करा. पोट भरल्यावर केले तर बाळ उलटी करते. हात साबणाने धुवा, बाटली मुठीत धरून कोमट होऊ द्या.

2. बाळाला दुपट्यात सैलसर गुंडाळून मांडीवर उताणे घ्या, डोके किंचित मागे.

3. एका नाकपुडीत १ ते २ थेंब सोडा. ड्रॉपरचे टोक आतल्या कडेला लागू देऊ नका, नाहीतर बाटलीतच जंतू शिरतात. मग दुसरी नाकपुडी.

4. एक-दोन मिनिटे थांबा. बहुतेक वेळा बाळ शिंकते, शेंबूड बाहेर तरी येतो किंवा घशात जाऊन गिळला जातो. गिळलेल्याने अपाय होत नाही.

5. बाहेर आलेले मऊ सुती कापडाच्या टोकाने पुसा. काडीला लावलेला कापूस नाकात घालू नका. आतली त्वचा सोलली जाऊन रक्त येते.

6. एवढ्यानेही दूध ओढता येत नसेल तरच शेंबूड ओढून काढायचा, टोक असलेला रबरी फुगा (बल्ब) वापरा. फुगा आधी दाबा, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवा आणि हळूहळू सोडा. नाकात टोक गेल्यावर फुगा दाबला तर शेंबूड आणखी आत ढकलला जातो, आणि सगळ्यात जास्त चूक नेमकी हीच होते.

फुगा दिवसात तीन-चार वेळांपेक्षा जास्त नको. वारंवार ओढल्याने आतली त्वचा सुजते आणि नाक आणखीच चोंदते. तेवढ्यामुळे 'सर्दी वाढली' असे वाटून पुन्हा ओढले जाते. प्रत्येक वापरानंतर फुगा साबणाच्या कोमट पाण्यात दाबून-सोडून धुवा आणि टोक खाली करून वाळवा. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहून ठेवा आणि ती दुसऱ्या मुलासाठी वापरू नका.

दूध: थोडे, पण वारंवार

सर्दीत बाळ एका वेळी कमी पिते, म्हणून वेळा वाढवा. २४ तासांत ८ ते १२ वेळा तर पाजायचेच, शिवाय मागेल तेव्हा. बाळाला जरा उभे धरून पाजले तर श्वास सोपा जातो. अंगावर ओढवतच नसेल तर दूध पिळून स्वच्छ, उकळलेल्या वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने घोटघोट द्या. वरचे पाणी, ग्लुकोज, मध काहीही नको. वर्षाच्या आत मध मुळीच देऊ नका. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा अंग लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

दूध पुरते की नाही ते लंगोट सांगते. जन्माच्या पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा वेळा शू व्हायला हवी.

आईलाच सर्दी असेल तरी अंगावरचे दूध थांबवू नका, त्यातून बाळाला रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये मिळतात. घेण्याआधी हात धुवा, मास्क लावा, पापे घेऊ नका. आलेल्या-गेलेल्यांनाही हे लागू आहे. बारशाची गर्दी पुढे ढकलता येत असेल तर ढकला.

श्वास मोजणे

हे प्रत्येक घरात कुणातरी एकाला नीट आलेच पाहिजे. बाळ शांत किंवा झोपलेले असताना झबले वर करा म्हणजे छाती-पोट दिसेल. सेकंदकाटा पाहत पोट वर येऊन खाली गेले की एक, असे पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मध्येच भराभर चालतो, मध्येच पाच-दहा सेकंद थांबतो, आणि तोंडाचा रंग बदलत नसेल तर ते नेहमीचेच आहे. निरोगी बाळात मिनिटाला साधारण ३० ते ६० श्वास असतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात आकडा ६० किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा मोजा; दुसऱ्यांदाही तसाच आला तर दवाखान्यात निघा. जमत नसेल तर आशाताईंकडून शिकून घ्या. पहिल्या ४२ दिवसांत त्या घरी येतात तेव्हा श्वास मोजणे हे त्यांच्या कामाचाच भाग असते.

ताप काखेत डिजिटल थर्मामीटरने पाहा. हात अंगाशी धरून बीप होईपर्यंत थांबा. ९९.५ फॅरेनहाइट किंवा जास्त आला तर कुंची-टोपडे काढून अर्ध्या तासाने पुन्हा बघा, कारण नुसते गुंडाळल्यानेही अंग तापते. तरीही तितकाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि १००.४ असेल तर वाट पाहायची नाही. ९७.७ च्या खाली असेल तर उघड्या छातीशी घेऊन ऊब द्या. अर्ध्या तासात चढले नाही तर तेही दाखवायचे लक्षण आहे. पॅरासिटामॉल मनाने देऊ नका. ताप दबतो आणि आजार आत वाढत राहतो.

काय करू नये

आंघोळ घालणाऱ्या बाईंना आधीच स्पष्ट सांगा: नाकात तेल नाही, नाकात फुंकर नाही. नाकातले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. आंघोळ एक-दोन दिवस टाळून अंग कोमट पाण्याने पुसले तरी चालते.

आणि धुरी. ओवा-वेखंडाची असो वा धुपाची, ती प्रेमाने दिली जाते हे खरे, पण आधीच अरुंद झालेल्या श्वासनळ्यांना धूर सुजवतो. बाळाच्या खोलीत धुरी, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, विडी-सिगारेट काही नको. ऊब हवी असेल तर मोठ्यांपेक्षा एक थर जास्त कपडे पुरतात. कापूर, निलगिरी आणि चोळायचे बाम दोन वर्षांच्या आत नकोत. कापराने बाळांना झटके येतात. वाफेचे भांडे जवळ आणू नका, भाजण्याचा धोका मोठा आहे. वेखंडाची पूड अंगाला लावली तरी उडून नाकात जाते. उगाळलेली गुटी, ब्रँडीचे थेंब, पोटावर बिब्बा किंवा चटका: यातले काहीही नको.

सर्दी-खोकल्याची बाटलीतली औषधेही नकोत. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले आहे की दोन वर्षांखालील मुलांना ती देऊ नयेत. मोठ्या भावंडाची उरलेली बाटली तर मुळीच नाही.

झोपवताना बाळ उताणे, सपाट गादीवर. डोक्याखाली उशी नको. झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वास आणखी अडतो, म्हणून सर्दीत झोळी बंद. उंच धरायचेच असेल तर बाळ जागे असताना खांद्यावर घ्या.

लगेच निघायची लक्षणे

श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणे (यालाच 'पोट उडतेय' म्हणतात), नाकपुड्या फुलणे, कण्हणे, श्वास पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ थांबणे, ओठ किंवा जीभ निळी पडणे, झटके येणे, उठवूनही न उठणे, सलग दोन-तीन वेळा दूध न ओढणे. नुसते तळहात-तळपाय निळसर दिसले तर ते थंडीनेही होते. रंग जिभेवर पाहा.

१०८ वर फोन करा. वाटेत बाळाला आईच्या छातीशी, अंगाला अंग लावून, वरून दुपटे घालून न्या. बाळ ओढत असेल तरच पाजा. धाप लागलेल्या बाळाच्या तोंडात चमच्याने दूध घातले तर ते श्वासनलिकेत जाते. जाताना कागदावर एवढे लिहून घ्या: सर्दी कोणत्या दिवशी सुरू झाली, मिनिटाला श्वास किती, ताप किती, शेवटचे दूध कधी आणि शेवटची शू कधी.