‘विकलं की पैसे देते’ म्हणणाऱ्या दुकानात माल ठेवण्याआधी

क्रोशाची तोरणं, बाळाचे सेट, रुखवताच्या वस्तू, संक्रांतीचं वाण असं काही तुम्ही घरी करत असाल तर करायचं कसं हे मी सांगायची गरज नाही. हात बसलेला असतोच, अडतं ते विकताना. आणि नागपुरात तेव्हा हमखास एकच सल्ला मिळतो, “अगं, एखाद्या दुकानात ठेवून दे ना!” असं सांगणाऱ्या बाईनं स्वतः कधी रुपयाची वस्तू विकलेली नसते.

हा प्रकार म्हणजे व्यापारातलं जुनं जांगड. माल ठेवून घ्यायचा, विकला तर पैसे, नाही विकला तर परत. ऐकायला दोघांच्या सोयीचं वाटतं. पण नीट बघा, सूत तुमचं, मजुरी तुमची, डिझाइन तुमचं आणि दुकानाचा फक्त खिळा. पैसा अडकतो तो सगळा तुमचा. त्यामुळे तुमचा माल विकायची घाई दुकानदाराला नसते. जो माल त्यानं रोख देऊन आणलाय तो तो आधी खपवणार.

माझी तोरणं दिवाळीआधी एका गिफ्टच्या दुकानात गेली. मालकीणबाई बोलायला गोड. “तुमचं काम एक नंबर आहे ताई, हातोहात जाईल.” हिशेब वहीच्या अर्ध्या पानावर, तोही तिच्याच वहीत. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, फोन केला की “अजून नाही गेलं जी.” शेवटी माल परत आणायला गेले तर एक तोरण पश्चिमेच्या काचेला टांगलेलं होतं, दर्शनी बाजू विटून फिकट विटकरी आणि मागून लालबुंद. माझी किंमत ९००, त्यावरची चिठ्ठी १४०० ची. आणि माझ्या नावाचं, फोन नंबराचं जे लेबल मी प्रत्येक तोरणाला बांधलं होतं ते कात्रीनं कापलेलं, दोऱ्याची गाठ तेवढी राहिली होती. नग मोजले तर कमी. “तुम्ही इतकेच दिले होते न.” माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता.

पैशांचं दुःख एकवेळ पचतं, लेबलाचं पचत नाही. कारण ज्यांनी तोरणं घेतली त्या बायका कोण हे मला कधीच कळणार नाही. हाताच्या कामात पहिली विक्री कष्टानं होते, नफा दिसतो तो दुसऱ्या-तिसऱ्या खरेदीत, तिच्या जावेच्या आणि भाचीच्या ऑर्डरीत. लेबल कापलं की ती साखळीच तुटते. किंमत दुकान ठरवतं, गिऱ्हाईक दुकानाचं होतं, आणि तुम्ही फुकटात माल पुरवणाऱ्या ठरता.

आता कुणी सांगेल, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना, कायदा आहे. आहे, आणि नोंदणी करूनच ठेवा. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, एजंटाला पैसे देऊ नका. छोट्या-मध्यम उद्योगांसाठीचा हा एमएसएमईडी कायदा २००६ चा. लेखी करार असेल तर खरेदीदारानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर व्याज. पण जांगडात गोम अशी की दुकानानं माल विकतच घेतलेला नसतो. मग दिवस मोजायचे कुठून? आणि ‘अजून गेलं नाही’ हे खोटं आहे, हे तुम्ही कसं दाखवणार?

तरी ठेवायचाच असेल तर चलन, म्हणजे माल दिल्याचा कागद, दोन प्रतींत करा. वस्तू, रंग, नग, छापील किंमत, दुकानाचा टक्का, हिशेबाची तारीख, आणि डाग पडला किंवा रंग उडाला तर भरपाई कोणाची, हे सगळं त्यात हवं. लेबल काढायचं नाही, हेही लिहा. सही घ्या, फोटो काढा. सहीचं नाव काढताच जो दुकानदार “आपल्यात काय कागद” म्हणतो, त्याच्याकडून चहा प्या आणि घरी या. त्याहून बरं म्हणजे चारच नग द्या, भाव थोडा उतरवा, पण रोख. ज्याचे स्वतःचे पैसे गुंतलेत तो माल दर्शनी ठेवतो.

घाबरवायचं म्हणून नाही सांगत. महिन्याला हिशेब करून फोन-पे करणारी दुकानंही आहेत, आणि मुळात दुकानाशिवाय तुमचं अडत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग भरा, प्रत्येक फोटोखाली किंमत टाका. ‘प्राइस इनबॉक्स’ वाचलं की मी स्वतः पुढे सरकते. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणी मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. हे बऱ्याच जणींना माहीत नसतं, आणि मग “कोणी उत्तरच देत नाही” म्हणून रडतात. स्टॉलवर पिशवी हातात देताना तिथल्या तिथे नंबर सेव्ह करून घ्या. फोटो सकाळी खिडकीशी काढा. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात लाल रंग भगवा दिसतो आणि मग कुरिअरचा जाण्यायेण्याचा खर्च तुमच्या अंगावर.

रीलवाले कोच, ९९ रुपयांचे वेबिनार, फॉलोअर वाढवून देणारे, यांच्याबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते बदलायची इच्छाही नाही. त्यापेक्षा हिवाळ्यात सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो, तिथे एक अख्खी दुपार घालवा. खरेदी करू नका, कारागिराच्या मागे उभ्या राहून ऐका. गिऱ्हाईक कुठल्या वाक्यावर पाकीट काढतं, कुठल्या वाक्यावर “येतो फिरून” म्हणतं, ते तिथे फुकटात कळतं.

आणि आपलं पंचांग पाठ करा. नवीन मुली इथे कमी पडतात, खरं तर सगळ्यात सोपं हेच आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. म्हणजे वाणाचे नमुने दिवाळी संपताच फिरायला हवेत. वाण एकरकमी जातं, पन्नास-साठ नग एका घरी, म्हणून वस्तू छोटी, सारखी आणि झटपट होणारी ठेवा. महालक्ष्म्यांच्या (गौरींच्या) आधी मखराची सजावट, तोरणं. लग्नसराईत रुखवत, तिथे घासाघीस कमी कारण मुलीची आई घाईत असते. एखादा महिना रिकामा जाईल, जाऊ द्या, साठा करा.

वाणाची ऑर्डर घेताना निम्मे पैसे आधी मागा. पहिल्यांदा जीभ अडखळेल, माझी अजूनही अडखळते. “आम्ही काय पळून चाललो का?” असं नक्की विचारतील. हसून सांगा, “नाही हो काकू, पण इतवारीतला सूतवाला मला उधार देत नाही.” बहुतेक जणी पर्स उघडतात. ज्या उघडत नाहीत त्यांचं वाण करू नका.