गायकवाड, पण कुठले? आडनावाचा माग काढायची रीत

नाशकातल्या एका शाळेच्या कार्यालयात मी ३१ वर्षं लिपिक होते. जूनमध्ये दाखल्यांची रांग लागली की खिडकीतून माझा एकच प्रश्न असायचा, "गायकवाड, पण कुठले?" एका वर्षी आठवी 'ब'मध्ये चार गायकवाड होते. एक निफाडकडचा मराठा, एक देवळालीगावातला बौद्ध, एक शरणपूरचा ख्रिस्ती आणि चौथी एक मुलगी, तिचे वडील लातूरहून सातपूरला कंपनीत लागलेले. चौघांची गावं वेगळी, देव वेगळे, पण आडनावाची गोष्ट विचारली तर चौघं एकच सांगत. आम्ही बडोद्याच्या राजाचे!

मीही माहेरची गायकवाड. आमचे नानाही हेच सांगायचे, तेही जेवताना, दुसऱ्यांदा भाकरी वाढली की हमखास. निवृत्त झाल्यावर मी ते खरं की खोटं हे बघायला निघाले. दीड वर्ष गेलं, आणि त्यातलं निम्मं चुकीच्या टोकापासून सुरुवात केल्यामुळे फुकट गेलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहिते. आडनाव वाघ असो, जाधव असो नाहीतर मोरे, रीत तीच.

चुकीचं टोक म्हणजे अर्थ. आपण सगळे तिथूनच सुरू करतो. गाय अधिक कवाड, झालं, सापडला अर्थ! कवाड म्हणजे दाराची फळी, दार. शब्द जुना आहे, संस्कृतातल्या कपाटापासून आलेला आणि खेड्यात अजून बोलण्यात असलेला. बडोद्याच्या घराण्यात गोष्ट सांगतात की त्यांचा नंदाजी नावाचा पूर्वज मावळातल्या एका किल्ल्यावर होता. कत्तलीला चाललेल्या गायी त्याने किल्ल्याच्या कवाडातून आत घेऊन वाचवल्या आणि त्यावरून गायकवाड नाव पडलं. गोष्ट सुंदर आहे. मी पोरांना सांगितलीही आहे.

पण अशी गोष्ट हातात आली की तिला तीन प्रश्न विचारायचे. त्यातला शब्द खरंच भाषेत आहे का? इथे आहे. ती सांगतं कोण? इथे एक राजघराणं, स्वतःबद्दल. आणि तिसरा प्रश्न, जो मला फार उशिरा सुचला, की ते आडनाव लावणाऱ्या सगळ्यांना ती पुरते का? नंदाजीने एका किल्ल्याचं एक दार उघडलं. त्या एका दारातून मराठा, बौद्ध, मातंग, ख्रिस्ती आणि लातूरकडचे उचल्या समाजाचे, एवढे सगळे गायकवाड बाहेर पडणं अवघड आहे. म्हणजे अर्थ शब्दाचा असतो, घराण्याचा असेलच असं नाही. मला एकाने 'गायक-वाड' अशी फोड करून आपण मुळात गवई असल्याचं पटवायचा प्रयत्न केला होता. त्याचा आवाज ऐकल्यावर मी विषय बदलला.

त्यातून या नावाचा आणखी एक अर्थ होऊन बसला, पदवीचा. बडोद्याचा राजा म्हणजे 'द गायकवाड', जसा पुण्याचा पेशवा. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तर शेवटी 'ड'च्या जागी 'र' असतो, 'गायकवार'. ग्रंथालयात किंवा संगणकावर शोधताना हे लक्षात ठेवा. बडोद्याचे लोक इंग्रजीत 'ए-ई' लिहितात, आपल्याकडे 'ए-आय', आणि शाळेच्या रजिस्टरात मी 'ए-वाय'सुद्धा पाहिलंय, तेही सख्ख्या भावांचं वेगवेगळं. एकच स्पेलिंग घालून शोधलंत तर निम्मे नातेवाईक हाती लागणार नाहीत.

मग सुरुवात कुठून करायची? घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईपासून. बाईच, कारण पुरुष राजाची गोष्ट सांगतात आणि बाया लग्नाच्या. तिला आडनावाचा अर्थ विचारू नका. मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोण, लग्नात देवक काय बसतं, आणि कुठल्या गायकवाडांत आपली सोयरीक होत नाही, एवढं विचारा. हा शेवटचा प्रश्न लाखमोलाचा आहे. ज्यांच्यात मुलगी देत-घेत नाहीत ते भाऊबंद, बाकी नुसते नामबंधू. माझ्या चुलतीने पाच मिनिटांत आमची तीन गावं सांगितली, जी मला दीड वर्षात कुठल्या कागदात एकत्र सापडली नव्हती.

काही आडनावांत गाव आयतंच बसलेलं असतं. कुसुमाग्रज शिरवाडकर, कारण घर निफाड तालुक्यातल्या शिरवाड्याचं. आणि हे 'कर' सहसा गाव सोडल्यावर चिकटतं. नाशकात राहणाऱ्याला नाशिककर म्हणून वेगळं काय ओळखायचं? पाटील-कुलकर्णी-देशमुखांचं तर कामच आडनाव झालं, त्यामुळे दोन पाटलांत नातं शोधणं म्हणजे दोन तलाठ्यांत नातं शोधण्यासारखं आहे.

गाव हाती आलं की कागद. आधी शाळेचं जनरल रजिस्टर, कारण आजोबांच्या पिढीचं आडनाव बहुतेकदा तिथेच पक्कं झालेलं असतं. मास्तरांनी जे ऐकलं ते लिहिलं आणि पुढे तेच दाखल्यावर चाललं. मी स्वतः एका पोराच्या दाखल्यावर 'गायकवाड'चं 'गाईकवाड' केलं होतं. नऊ वर्षांनी त्याच्या आईने येऊन मला ते दाखवलं, शांतपणे, पेढ्यांच्या पुड्यासकट. त्याला नोकरी लागली होती आणि आता राजपत्रात नाव बदलून घ्यायचं होतं.

त्यामागे जायचं तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. जुने सातबारे आणि फेरफार यांबरोबर गाव नमुना १४ मागा. त्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, गावच्या जन्म-मृत्यूची ती नोंदवही. तिथे एक गंमत होते. जसजसं मागे जाल तसतसं आडनाव गळून पडतं. 'सखाराम वलद तुकाराम', पुढे जात, बस. वलद किंवा बिन म्हणजे 'चा मुलगा'. गावात सगळे सगळ्यांना ओळखत, आडनाव लावणार कुणासाठी?

हे कागद मोडीत असतात. मोडी शिकायला घाबरू नका, पण दोन दिवसांत येते म्हणणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं टांगतो. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मी एकच युक्ती सांगते. आधी आपल्या गावाचं नाव मोडीत वीस वेळा लिहून काढा. पानावर नजर टाकली की ते ओळखीच्या माणसासारखं दिसलं पाहिजे. बाकी मजकूर त्याच्या आधाराने लागतो.

प्रसिद्ध माणसांची यादी करायचा मोह सगळ्यांना होतो. करा, पण तिला वंशावळ समजू नका. आमच्या यादीत रजनीकांत आहेत, मूळचे शिवाजीराव गायकवाड, जन्म बंगळूरचा. १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताचे कर्णधार दत्ताजीराव आणि त्यांचे चिरंजीव अंशुमन आहेत. एका षटकात सात षटकार मारणारा पुण्याचा ऋतुराज आहे, त्याच्यावर माझ्या नातवाचा हक्क.

पण नाशिकच्या माणसाने त्यातल्या दोघांपाशी थांबलंच पाहिजे. एक म्हणजे तिसरे सयाजीराव महाराज. बडोद्याचे म्हणून आपण त्यांना परके समजतो, पण जन्म ११ मार्च १८६३, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा. शेतकऱ्याचा मुलगा, नाव गोपाळ. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं आणि गोपाळ काशीराव यांचे सयाजीराव खंडेराव झाले. (दत्तकाची ही खोच कायम ध्यानात ठेवा. कागदात बापाचं नाव एकदम बदललं की लोक माग चुकतात. कुसुमाग्रजही मुळात गजानन रंगनाथ, दत्तक गेल्यावर विष्णू वामन.) याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला शिकायला गेले.

दुसरे दादासाहेब, भाऊराव कृष्णाजी गायकवाड, दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे, जन्म १९०२. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो नाशकात वर्षानुवर्षं चालवला तो दादासाहेबांनी. पुढे खासदार झाले, भूमिहीनांसाठी लढले. मुंबई नाक्याजवळच्या सभागृहाला त्यांचं नाव आहे, आपण तिथे प्रदर्शनाला जातो आणि पाटी न वाचता परत येतो.

दोघे एकाच जिल्ह्यातले, दोघांचं एकच आडनाव, दोघांचाही आंबेडकरांशी संबंध, आणि एकमेकांशी रक्ताचं नातं नाही. मला कुणी 'गायकवाड म्हणजे कोण' असं विचारलं की मी या दोन गावांची नावं सांगते.

आता शेवटचं ठिकाण, जे नाशिककरांच्या उशाशी आहे आणि बहुतेकांना फक्त दहाव्याला आठवतं. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. पिढ्यान्‌पिढ्या इथे आलेल्या घरांची नावं त्यांच्याकडे आहेत, त्र्यंबकेश्वरीही आहेत. अमावास्येला किंवा पितृपक्षात जाऊ नका, गुरुजींना मान वर करायला वेळ नसतो. २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी सुरू व्हायच्या आत जाऊन या. साध्या दिवशी, दुपारनंतर. फोटो काढायच्या आधी विचारा. दक्षिणा द्या, घासाघीस नको. आणि 'आम्ही गायकवाड' असं म्हणत आत शिरू नका. मी तसंच केलं होतं. गुरुजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझाच खिडकीतला प्रश्न मला विचारला.

"गाव कोणतं?"

गाव सांगितलं, मग त्या गावाचं घराणं कुणाकडे ते कळलं, मग दोन घरं सोडून तिसऱ्या घरी लांबट, लाल कापडात बांधलेली वही निघाली. शके १८१२ ची नोंद. त्यात ७८ मिळवले की १८९० होतात. (महसुली कागदांतला फसली सन असेल तर ५९० मिळवायचे.) 'सखाराम वलद तुकाराम', गाव, आणि पुढे बायकोचं नाव, भागाबाई. सातबाऱ्यावर, कोतवाल बुकात कुठेही न सापडलेली माझी खापरपणजी तिथे होती. दोन सुनांची नावंही होती. आडनाव नव्हतं. मागाहून कुणीतरी ओळीच्या वर, वेगळ्या शाईने, बारीक अक्षरात 'गायकवाड' घुसवलं होतं.

खालची नोंद शके १८४०, म्हणजे १९१८, मार्गशीर्ष. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीचं साल. अस्थी घेऊन आलेल्याने एकाच नोंदीत तीन नावं लिहून घेतली होती, त्यातलं एक सात वर्षांच्या पोराचं. तिथे मात्र आडनाव ओळीतच होतं, ठळक.

म्हणजे १८९० आणि १९१८ च्या मधे कधीतरी आम्ही कागदावर गायकवाड झालो. बडोद्याचा उल्लेख कुठे नाही, किल्ल्याचा नाही, गायींचाही नाही. गुरुजींनी पेन पुढे केलं आणि नानांच्या नावाखाली मी आम्हा बहीणभावांची नावं माझ्या हाताने लिहिली.

रात्री भावाला फोन करून सगळं सविस्तर सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, पण आपण राजाचे नाही असं लिहिलंय का कुठे त्यात?"